तबकडीवरील धूळ आणि इतिहासाचा आवाज



महाराष्ट्रात चैत्र-वैशाख आला की आंब्याबरोबर व्याख्यानांनाही बहर येतो. ह्या प्रथेचा आरंभ पुण्यास १८७५ साली झाला आणि त्यात पुढाकार होता महादेव गोविंद रानडे यांचा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७७ च्या अखेरीस, अमेरिकेत टॉमस एडिसन याने कथलाच्या वर्खावर माणसाचे बोलणे कोरले आणि तेच बोलणे त्या वर्खातून पुन्हा ऐकवले. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही त्या शेजारी शेजारी ठेवल्या की मनाला चुटपुट लागते. रानडे जे बोलले त्यातले पुष्कळ छापलेले आहे, पण ते कसे बोलले, वाक्य कोठे सावकाश घेत, कोठे आवाज चढवीत, हे ऐकण्याचे साधन आपल्याजवळ नाही. १९०१ च्या जानेवारीत ते गेले. पुढच्याच महिन्यात भाऊराव कोल्हटकर गेले. ज्यांच्या गळ्यासाठी महाराष्ट्र नाटकगृहापुढे रांगा लावीत होता, त्या भाऊरावांबद्दल आपण वर्णने वाचतो, आणि वर्णनावरून गाणे ऐकू येत नाही.

१९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास उतरला. गौहरजान आणि तिच्या काळच्या इतर गायिकांचे आवाज त्याने तेथे मुद्रित केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्याकडील गवयी, नट, कीर्तनकार आणि शाहीर तबकडीवर येऊ लागले. १९०१ आणि १९०२ ह्यांच्यामध्ये एका वर्षाचे अंतर आहे, पण ऐकू येणारा इतिहास आणि न येणारा इतिहास ह्यांची शीव तेथेच कोठेतरी पडते. शिवेच्या अलीकडे जे आहे ते कायमचे आपले झाले, असा आपला समज असतो. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आम्ही आज एक अगदी घरगुती विषय घेतला आहे, तो म्हणजे तबकडीवरची धूळ पुसणे. विषय क्षुल्लक वाटेल, पण पुसणाराच्या हातून इतिहास वाचतो किंवा बुजतो असा हा विषय आहे.

प्रथम तबकडी म्हणजे काय ते पाहू. एडिसनने आवाज नळीवर कोरला. एमिल बर्लिनर याने १८८७ साली चपट्या तबकडीचा मार्ग काढला. चपट्या वस्तूचा साचा करता येतो आणि एका साच्यातून हजारो प्रती काढता येतात. नळीच्या बाबतीत हे काम जड होते. ग्रंथाच्या इतिहासात जे स्थान छापखान्याचे तेच ध्वनीच्या इतिहासात ह्या साच्याचे. सुरुवातीस आपल्या गवयांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. मेण कलकत्त्याचे, साचा हॅनोव्हरचा, आणि तबकडी पुन्हा बोटीने हिंदुस्थानात! १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला आणि हा द्राविडी प्राणायाम थांबला.

मात्र तबकडीतला एक पदार्थ आरंभापासून आपलाच होता. तो म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून जी पातळ पापडी निघते तिला आपला सुतार चपडी म्हणतो आणि स्पिरिटात विरघळवून लाकडाला पॉलिश करतो. हीच चपडी, तीत दगडाची बारीक पूड, रंगासाठी काजळी आणि थोडा कापसाचा तंतू मिसळून जुन्या काळ्या तबकडीचे पीठ मळले जाई. पुरीयंत्रात गोळा दाबावा त्याप्रमाणे तो ऊन गोळा दोन साच्यांमध्ये दाबला की दोन बाजूंची तबकडी तयार होई. फाल्गुनात आपल्या बालाघाटच्या माळावर जो पळस फुलतो, त्याच जातीच्या झाडांवर जगणाऱ्या किड्याने बालगंधर्वांचा आवाज आपल्यापर्यंत पोचवला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

दगडाची पूड कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. त्या काळची सुई पोलादाची असे आणि ध्वनिपेटीसह तिचा भार शंभर ग्रॅमहून अधिक पडे. तो भार सोसण्यासाठी तबकडी कठीण असावी लागे. शिवाय ही पूड कानशीसारखे काम करी. नवी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासून चराच्या आकाराची होई आणि मग सुरळीत चाले. तीन मिनिटांच्या गाण्यात दहा इंची तबकडीवर सुई सुमारे सव्वाशे मीटर चालते. तेवढ्या चालीत तिच्या टोकाला धार येई, म्हणून कंपनीचा आदेश असे की एका बाजूस एक सुई वापरावी आणि टाकून द्यावी. अर्थात जुन्या तबकडीच्या चरात बाहेरून उडून आलेली धूळ तर असतेच, पण पोलादाचा कीस आणि लाख-दगडाची भुकटी ही तिची घरची धूळही असते. वाद्य वाजता वाजता स्वतःच्या अंगावर माती घेते, असा हा प्रकार.

आता आपल्या भागाकडे वळू. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई-पुण्याचा माल इकडे येण्याची मोठी सोय म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत ती १८९७ साली आली आणि येडशी, तेर ह्या गावांवरून १९११ पर्यंत लातुरास पोचली. खेड्यांत वीज यायला त्यानंतर कित्येक दशके गेली. पण चावीच्या ग्रामोफोनला विजेची गरज नव्हती. दंडात थोडे बळ असले म्हणजे पुरे. तुळजापूरच्या गोंधळ्यांचा संबळ आणि आराध्यांची गाणी ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या समोर बसून ऐकली होती, त्या गावांत गाणारा माणूस समोर नसताना त्याचे गाणे ऐकू येऊ लागले. ह्या घटनेचे नवल आज आपल्याला पुरते कळणार नाही. एखाद्या वाड्यात कर्णा वाजू लागला की ओट्यावर आळी जमे, आणि जमलेल्या आळीच्या पायांबरोबर धूळही येई.

आपल्या उन्हाळ्यातील धूळ कशी असते हे ह्या मांडवात बसलेल्या श्रोत्यांस सांगायला नको. काळ्या रानाची बारीक भुकटी दारे लावली तरी आत येते, ट्रंकेत शिरते, पोथीच्या पानांत बसते. अशा ठिकाणी तबकडी वाजवायची, ती धोतराच्या सोग्याने किंवा पदराने पुसून. त्यात सुया पडत महाग, आणि तालुक्याच्या गावाशिवाय मिळतही नसत. तेव्हा एकच सुई दहा-वीस वेळा चालवली जाई, कोणी ती सहाणेवर घासून पुन्हा टोकदार करी. ह्यात दोष कोणाला द्यायचा? गाण्याची आवड दांडगी आणि खिशात पैसा थोडा, की असेच होणार. पण ह्याचा परिणाम इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवला पाहिजे. जी तबकडी लोकांना सर्वांत प्रिय होती ती सर्वांत अधिक झिजली. आज एखाद्या जुन्या पेटीत कोरी करकरीत तबकडी सापडली, तर ती बहुधा कोणाला फारशी न आवडलेली असते. काळाने काय राखले एवढ्यावरून लोकांना काय आवडत होते हे ठरवू गेल्यास आपली फसगत होईल, ती अशी.

येथे आमच्या विषयाचा मुख्य मुद्दा येतो. तबकडीतून खरखर ऐकू आली की आपण म्हणतो, तबकडी खराब झाली. पण त्या खरखरीत दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, धूळ आणि झीज. धूळ ही वरून आलेली वस्तू आहे. ती काढता येते, आणि काढली की खालचा चर जसा होता तसा मिळतो. झीज म्हणजे चराचा गेलेला भाग. तो कोणत्याही उपायाने परत येत नाही. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखीच दिसतात. धुळीने भरलेली तबकडी मळकट दिसते आणि झिजलेली तबकडीही राखी पडलेली दिसते. त्यामुळे दोन प्रकारची चूक घडते. केवळ मळलेली तबकडी झिजलेली समजून टाकून दिली जाते, आणि झिजलेली तबकडी मळलेली समजून इतकी घासली जाते की उरलेसुरलेही जाते.

हा भेद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. प्राचीन तगर म्हणून जगाला ठाऊक असलेले आपले तेर घ्या. तेथील पांढरीच्या मातीतून मिळालेल्या मूर्ती, बाहुल्या, मणी आणि हस्तिदंती वस्तू कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहामुळे आज तेथील वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. मातीची बाहुली मातीतून काढायची तर हात किती हलका लागतो! वरची माती कोठे संपते आणि बाहुलीची माती कोठे सुरू होते, एवढे ओळखण्यातच सगळे कसब आहे. बाहुलीचे नाक तुटलेले असेल तर तसेच ठेवावे, आपल्या कल्पनेचे नाक बसवू नये. तबकडीचा न्याय ह्याहून वेगळा नाही.

मग धूळ काढावी कशी? ह्या प्रश्नाचे उत्तर ग्रामोफोनच्या दुनियेतून आले नाही, सतरंज्या-गालिच्यांच्या दुनियेतून आले. १९०१ साली लंडनच्या एका नाट्यगृहात धूळ झाडण्याच्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. ते यंत्र जोराने वारा फुंकून धूळ उडवी. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा एक तरुण स्थापत्यविशारद ते पाहत होता. त्याने विचारले, फुंकण्याऐवजी धूळ ओढून का घेत नाही? तसे करणे शक्य नाही, असे त्याला उत्तर मिळाले. पुढे एका उपाहारगृहात बसला असता त्याने खुर्चीच्या मखमली पाठीला तोंड लावून जोराने श्वास आत ओढला. ठसका लागून जीव घाबरला, पण उत्तर सापडले. मध्ये कापड धरले तर हवा आत येते आणि धूळ कापडावर राहते. १९०२ साली राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे बूथच्याच यंत्राने स्वच्छ केले. त्याच वर्षी गैसबर्ग कलकत्त्यास पोचला हे आपण मघाशी पाहिले. धूळ ओढण्याचे यंत्र आणि हिंदुस्थानी तबकडी ही एका वयाची भावंडे आहेत. पण त्यांची गाठ पडायला साठ वर्षे जावी लागली.

बूथच्या त्या प्रश्नातील मर्म आपण नीट पाहू. झाडल्याने धूळ जागा बदलते. पुसल्याने ती पसरते, आणि खोलगट जागा असेल तर तेथे दडपली जाते. फुंकल्याने ती उडते आणि घटकाभराने पुन्हा खाली बसते. ओढून घेतली तरच ती जाते. तबकडीच्या बाबतीत हे चौपट खरे, कारण तबकडी म्हणजे सगळी खोलगट जागाच. जुन्या तबकडीचा चर मिलिमीटरच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढा रुंद. कोरड्या फडक्याने पुसले की मोठे कण वरून निघतात, तबकडी चकचकीत दिसते, आणि बारीक कण चराच्या तळाशी ठासून बसतात. दिसायला स्वच्छ आणि ऐकायला मळकट, अशी ती तबकडी होते.

ही गाठ पडायला साठ वर्षे का लागली, हेही इतिहासाच्या दृष्टीने मनोरंजक आहे. जोवर तबकडी कठीण आणि सुई जड होती तोवर सुईच नांगराप्रमाणे धूळ बाजूला सारीत जाई. मूळची खरखर इतकी मोठी की धुळीची खरखर तीत लपून जाई. पुढे दुसरे महायुद्ध पेटले. आशियातून जाणाऱ्या लाखेची अमेरिकेत टंचाई झाली आणि १९४२ साली तेथील सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. तेव्हा लोकांकडून जुन्या तबकड्या मागवून, त्या दळून, त्यांच्या भुकटीतून नव्या तबकड्या काढण्यात आल्या. नव्या आवाजांसाठी जुने आवाज जात्यात गेले! ह्या टंचाईतून व्हिनाइल ह्या कृत्रिम पदार्थाचा मार्ग मोकळा झाला, आणि २१ जून १९४८ रोजी कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लांब चालीची तबकडी न्यूयॉर्कमध्ये लोकांपुढे ठेवली. तीन महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, आपला हा प्रदेश निजामी राजवटीतून मुक्त झाला.

नवी तबकडी लवचिक, हलकी आणि खरखरीपासून जवळजवळ मुक्त होती. वीस मिनिटांत तिची सुई चारशे मीटरहून अधिक चालते, आणि चर असतो माणसाच्या केसाएवढा. एवढ्या शांत पृष्ठावर धुळीचा एक कणही टिचकीसारखा वाजतो. भरीला, व्हिनाइलवर घर्षणाने वीज साचते. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा जसा कागदाचे कपटे उचलतो, तशी ही तबकडी हवेतली धूळ ओढून घेते. फडक्याने पुसावे तो घर्षणाने वीज वाढते, आणि पुसून झाल्यावर धूळ पूर्वीहून अधिक! आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर हा उपद्रव फारच जाणवतो. पुढे रामायणाची गीते, नाट्यगीते, पु. ल. देशपांडे यांची कथने अशा लांब तबकड्या आपल्याकडे घरोघर आल्या आणि त्यांच्याबरोबर हा नवा त्रासही आला.

इंग्लंडात सेसिल वॉट्स ह्या संशोधकाने १९५० नंतरच्या दशकात सुईच्या पुढे पुढे चालणारा एक लहान कुंचा काढला. तो वरची धूळ टिपी. पण तळाशी बसलेल्या मळाचे काय? ते कोडे सोडवले पर्सी विल्सन यांनी. ‘द ग्रामोफोन’ ह्या इंग्रजी मासिकाचे ते तांत्रिक संपादक. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी असे यंत्र सिद्ध केले की ज्यात तबकडी फिरते, तिच्यावर पातळ द्रव पसरला जातो, मळ त्यात सुटतो, आणि मग एक बारीक नळी मळासकट तो द्रव ओढून घेते. कीथ मंक्स यांनी ह्या कल्पनेवर पक्की यंत्रे बांधली आणि ती आकाशवाणीसारख्या संस्थांच्या संग्रहांत, बीबीसीतही, कामाला लागली. त्या यंत्रातील एक युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. नळीचे तोंड आणि तबकडी ह्यांच्यामध्ये एक बारीक दोरा असतो. नळी तबकडीला टेकत नाही, दोरा टेकतो. आणि तोही रिळावरून सतत नवा येत राहतो, म्हणजे एका जागेचा मळ दुसऱ्या जागी जात नाही. विटाळ न पसरता सोवळे राखण्याची ही विलायती रीत आहे!

आता ह्या यंत्राचे घरगुती रूप पाहू. पेटीएवढे यंत्र असते. वर तबकडी ठेवण्याची फिरती चकती, बाजूला मखमलीच्या कडा लावलेली फटीची नळी, पोटात हवा ओढणारी मोटर आणि मळके पाणी साठवण्याची टाकी. ज्यांना विकतचे यंत्र परवडत नाही ते हौशी लोक जुनी फिरती चकती घेतात आणि धूळ ओढण्याच्या घरगुती यंत्राला तशी मखमली नळी जोडून काम भागवतात. ह्यात एक सावधगिरी अवश्य घ्यावी. ते यंत्र पाणी ओढण्यासाठी बनवलेलेच असले पाहिजे. केवळ कोरडी धूळ ओढणाऱ्या यंत्रात पाणी गेले तर मोटर जळते आणि माणसास विजेचा धक्का बसण्याचे भय असते.

कृती सोपी आहे. तबकडी कडांना धरून चकतीवर ठेवावी. मऊ कोरड्या कुंच्याने वरची धूळ उचलावी. मग द्रव घालून, चरांच्या दिशेने, गोल गोल, हलक्या हाताने कुंचा फिरवावा. आडवा कधीही नाही. शेतात पाणी सरीच्या दिशेने सोडतात, सरी फोडून सोडत नाहीत, तसेच हे. मधल्या कागदी शिक्क्यावर पाणी जाऊ देऊ नये, कारण गायकाचे नाव आणि क्रमांक तेथेच असतात, आणि इतिहासाच्या दृष्टीने नाव नसलेला आवाज म्हणजे शिलालेखाची अर्धी ओळ. मळ सुटायला थोडा वेळ द्यावा आणि मग नळी लावून एक-दोन फेऱ्यांत सगळे पाणी ओढून घ्यावे. त्याहून अधिक फेरे दिल्यास कोरड्या घर्षणाने पुन्हा वीज साचते. शेवटी स्वच्छ पाण्याने तीच कृती पुन्हा करावी. धुतलेली तबकडी जुन्या मळक्या पाकिटात घालू नये, नाहीतर आंघोळ करून मळके कपडे चढवल्यासारखे होते.

द्रव कोणता वापरावा, ह्यात मात्र तबकडीची जात पाहावीच लागते. व्हिनाइलच्या तबकडीसाठी शुद्ध पाणी, त्यात मळ सोडवणाऱ्या साबणी द्रवाचे काही थेंब आणि थोडे अल्कोहोल चालते. पण लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लागता कामा नये. आपला सुतार चपडी स्पिरिटात विरघळवतो हे आम्ही मघाशी सांगितले. तबकडीही त्याच चपडीची आहे. स्पिरिटाने पुसली की चर विरघळतात आणि मळाबरोबर गाणेही फडक्यावर येते. हौसेने केलेल्या सेवेतून असा घात होतो. म्हणून तबकडी जड, ठिसूळ आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांची असेल तर तिला केवळ शुद्ध पाणी आणि सौम्य साबणी द्रव द्यावा, आणि तेही फार वेळ अंगावर ठेवू नये, कारण आतला कापसाचा तंतू पाणी पितो. ज्या तबकडीचा थर सोलपटासारखा सुटू लागला आहे, किंवा जिला तडा गेला आहे, तिला घरी हातच लावू नये.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. आपल्या विहिरी-बोअरचे पाणी जड. घागरीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच थर पाणी वाळल्यावर चरात बसेल आणि धूळ गेली तरी क्षार राहील. म्हणून गाडीच्या बॅटरीसाठी मिळते तसले ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. पाणी कढत नको. व्हिनाइल उष्णतेने वाकते. पावसाळ्यात ओल्या भिंतीशी ठेवलेल्या पाकिटांना बुरशी धरते, आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तबकड्या पिळवटतात. तेव्हा त्या पुस्तकांसारख्या उभ्या आणि घरातल्या त्यातल्या त्यात थंड खोलीत ठेवाव्या.

येथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? आता सगळी गाणी खिशातल्या फोनमध्ये आहेत. आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तरही आहे. फोनमध्ये जे जुने गाणे आहे ते कोणत्या तरी एका तबकडीवरूनच तेथे गेले. ती तबकडी मळकी असताना उतरवून घेतली असेल, तर मळही कायमचा उतरला. मग खरखर घालवण्यासाठी गणिती गाळणी लावतात, आणि गाळणीला खरखर व सतारीच्या तारेचा झणकार ह्यांतला भेद नेहमीच कळतो असे नाही. धुळीबरोबर आवाजाचे तेजही गाळले जाते. मूर्तीवरची माती कुंच्याने काढायची सोडून छायाचित्रात खोडरबर फिरवण्यासारखा तो प्रकार आहे.

शिवाय स्वच्छ तबकडीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. आम्ही झीज परत येत नाही म्हणालो, ते खरेच आहे. पण जुन्या सुया चराच्या भिंतीवर एका ठराविक उंचीवरून गेलेल्या असतात. त्या वाटेच्या वर किंवा खाली भिंतीचा काही भाग बहुधा शाबूत असतो. ध्वनी उतरवून घेणारे जाणकार निरनिराळ्या जाडीच्या सुया लावून ती न तुडवलेली वाट शोधतात, आणि ज्या तबकडीची आशा सोडली होती तिच्यातून आवाज मिळतो. परंतु ही परीक्षा तबकडी धुतल्यानंतरच करता येते, कारण मळ असेल तर सुई भिंतीवरून न जाता मळावरून जाते. अमेरिकेत तर ह्या शतकाच्या आरंभापासून सुईशिवाय, केवळ सूक्ष्म छायाचित्रे घेऊन, चरातला आवाज वाचण्याची पद्धत शास्त्रज्ञांनी सिद्ध केली आहे. पण छायाचित्रातही धूळ दिसतेच. साधन कितीही पुढे गेले तरी पहिली पायरी तीच राहते.

आणि सगळीच गाणी फोनमध्ये आहेत, हेही खरे नाही. मोठ्या कंपन्यांच्या नावाजलेल्या मुद्रिका पुन्हा निघाल्या. पण लहान कंपन्या आल्या आणि गेल्या. त्यांनी काढलेली भजने, पोवाडे, कीर्तने, नाटकातले संवाद, विनोदी प्रवेश ह्यांतले पुष्कळ आज केवळ लोकांच्या घरी असलेल्या तबकड्यांवरच आहे. हे ओळखून मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली, आणि तिच्या सभासदांनी याद्या, टिपणे, श्रवणसभा ह्यांच्या द्वारे मोठे काम केले. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळली, कारण इतिहास लोकांच्या माळ्यावर पडलेला आहे अशी त्यांची खात्री होती. आवाजाचे दप्तरही तसेच माळ्यावर पडलेले आहे. त्याला वाळवीचे भय कमी, भंगारवाल्याचे अधिक.

सूरश्री केसरबाई केरकर गोव्यातील केरी गावच्या. त्यांनी गायलेल्या भैरवीची एक तबकडी १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवरील सुवर्णमुद्रिकेत घेतली गेली. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची ही तबकडी. सोबत सुई दिलेली आहे, ती कशी वाजवावी ह्याची आकृती वर कोरलेली आहे, आणि अंतराळातील सूक्ष्म कणांपासून रक्षण व्हावे म्हणून तिला ॲल्युमिनियमचे वेष्टन आहे. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आज ती भैरवी सूर्यमालेच्या वेशीबाहेर पोचली आहे. जेथे कोणी ऐकणारा भेटेल की नाही हे ठाऊक नाही, तेथे पाठवलेल्या तबकडीलाही माणसाने धुळीपासून राखण्यासाठी वेष्टन दिले. मग जेथे ऐकणारे आहेत, घर आहे आणि घरात आजोबांच्या हातची पेटी आहे, तेथे निदान एक स्वच्छ पाकीट द्यायला काय हरकत आहे?

आमचे मागणे थोडे आहे. ह्या सुट्टीत माळ्यावरची, कोठीतली पेटी खाली काढा. तबकडी कोणत्या जातीची आहे ते पाहा. तिच्यावरचे नाव आणि क्रमांक वहीत उतरवून घ्या. यंत्र प्रत्येक घरी असावे असे नाही. वाचनालयाने एक घेतले तर सगळ्या गावाचे काम होईल. धुतल्यावर तिरप्या उजेडात धरून पाहा, आणि जी राखी छटा तरीही राहील ती झीज म्हणून मान्य करा. तेवढा आवाज आपल्या वाडवडिलांनी ऐकून संपवला असे समजा. पण धूळ आहे तोवर तबकडी गेली असे म्हणू नका, आणि ती भंगारात तर मुळीच देऊ नका.